दगडाला अंतर, किड्याला पाणी

भाच्या, गाडी आणलीस, पेढे पोचले, फोटोही पाहिले. एकूण एक फोटो समोरून काढलेयस, त्यावरून कळलं की गाडीचं तोंड तुला भलतंच आवडलंय. म्हणून त्या तोंडाविषयीच चार गोष्टी सांगते. लिहायला बसले तर चाराच्या अडुसष्ट झाल्या. आत्या म्हटल्यावर एवढं चालायचंच. सगळ्यांचं मूळ एकच: दगडाला अंतर, किड्याला पाणी. दगड लागायच्या आधी मागे राहायचं आणि किडा चिकटल्यावर वेळ घालवायचा नाही. बाकी सगळा त्याचाच विस्तार.

रस्त्यावर

१. पुढे डंपर किंवा हायवा दिसला की आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल – दगड आभाळातून पडत नाही, पुढच्याच्या चाकाखालून उडतो, आणि जितका तू जवळ तितका तो तुझा.

२. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात सावकाश तीनदा ‘राम कृष्ण हरी’ म्हण. ते संपायच्या आत तू खांबाशी पोचलास तर फार चिकटला आहेस – ८०च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तीन सेकंदांत ६६-६७ मीटर, आणि एवढ्या वाटेत बारीक खडी बहुधा खाली बसलेली असते.

३. समृद्धी महामार्गावर गेलास तर नाम आणखी एकदा घे – १२०च्या वेगात सेकंदाला ३३ मीटर मागे पडतात, म्हणजे तीन सेकंदांचेच १०० मीटर झाले. अख्खा रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे. चार गाड्या पुढे गेल्या म्हणून काही बिघडत नाही.

४. वेग थोडाच वाढवला असं म्हणू नकोस – ८०चे १०० केलेस तर वेग सव्वापट होतो पण दगडाचा मार दीडपटीच्या वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. शाळेत पाठ केलंयस, आता वापर.

५. खडी भरलेल्या गाडीला एकतर नीट जागा बघून एकदाच ओव्हरटेक कर, नाहीतर बाजूला घेऊन चहा पी – मधल्यामध्ये तिच्या मागे लोंबकळत राहण्यात रंग जातो. डंपरची सोबत, रंगाची आफत.

६. ताडपत्री नसलेली किंवा फडफडणारी गाडी दिसली तर अंतर दुप्पट कर – तिथे चाकाखालचीच नाही, वरच्या ढिगातलीही खडी येते.

७. ओव्हरटेक करताना ट्रकच्या जोडचाकांच्या बरोबरीने रेंगाळू नकोस – दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगड कधी सुटेल याचा नेम नाही, आणि तो बारीक नसतो.

८. पुढे गेल्यावर लगेच त्याच्या तोंडासमोर घुसू नकोस – तुझ्या मागच्या चाकांनी उडवलेली खडी त्याच्या काचेवर जाते, आणि त्याच्याही घरी आत्या असते.

९. नुकताच सीलकोट झालेला रस्ता लागला की ३०-४०च्या वर जाऊ नकोस – वरची कच अजून डांबरात बसलेली नसते, चार दिवस ती चाकांबरोबर उडतच राहते.

१०. मुंबई-गोवा महामार्गावर काँक्रीट संपून डायव्हर्जन सुरू होतं तिथे आधीच वेग उतरव – रुंदीकरणाचं काम २०११पासून चाललंय, त्यामुळे सुटी खडी भेटली नाही असा माणूस शोधावा लागेल.

११. कोकणात जांभ्या चिऱ्यांच्या ट्रकमागे राहू नकोस, विशेषतः घाटाच्या वळणावर – चिऱ्यांच्या कडा घासून लाल तुकडे गळतात आणि चढावर ते तुझ्याकडेच घरंगळत येतात.

१२. दिवाळीपासून पुढे तीन-चार महिने कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्या मागे रात्री जपून – बाहेर लोंबणारा ऊस ग्रिल फोडतो, आणि रानातून आलेल्या चाकांची ढेकळं दगडासकट डांबरावर पडतात.

१३. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी भरधाव येत असेल तर तू तुझा वेग कमी कर – लागताना दगडाला दोघांचा वेग मिळतो, त्यातला निम्मा तरी तुझ्या हातात आहे.

१४. कारण नसताना रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर चाक नेऊ नकोस – गाड्यांच्या वाऱ्याने सगळी सुटी खडी सरकत सरकत तिथेच जमते.

१५. चारही मडफ्लॅप लावून घे – तुझ्या पुढच्या चाकाने उडवलेले दगड तुझ्याच दाराखालच्या पट्टीवर बसतात, आणि मागच्यांनी उडवलेले मागून येणाऱ्याच्या तोंडावर.

वेळ बघून निघावं

१६. पहिला पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी लांबचा प्रवास टाळता आला तर टाळ – त्याच दिवशी वाळवीला पंख फुटतात, ती थव्याने दिव्याकडे येते, आणि गाडीला तर दोन दिवे पुढेच आहेत.

१७. मे संपता संपता भंडारदरा, राजमाचीकडे काजवे बघायला जाशील तर शेवटचे काही किलोमीटर अगदी हळू चालव – ज्यांना बघायला चाललायस त्यांनाच बंपरवर चिकटवून आणण्यात काय अर्थ?

१८. भात पिकत आला की दिवाळीच्या आसपास खाचरांच्या कडेने रात्री जाताना हिरवे तुडतुडे येतात – एकेक किडा तिळाएवढा, पण शेकड्यांनी आले की हेडलाइटचा उजेड मंदावतो.

१९. नदीवरचा पूल, धरणाची भिंत, तलावाची कड इथे तिन्हीसांजेला वेग उतरव – पाण्यावर चिलटांचे थवे असतात, आणि हळू गाडीवरून बरीचशी वाऱ्याबरोबर वर निघून जातात.

२०. जमलं तर पहाटे उजाडता निघ आणि दिवेलागणीच्या आत पोच – किड्यांची गर्दी अंधार पडल्यावरची. शिवाय पहाटेच्या थंड बोनेटवर जे चिकटतं ते शिजत तरी नाही.

२१. चहाला थांबलास की हेडलाइट बंद कर – उभ्या गाडीचे दिवे चालू ठेवणं म्हणजे किड्यांना बसायला पाट मांडून देणं.

२२. निघायच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन बोनेटच्या पुढच्या कडेला, बंपरला आणि आरशांच्या पाठीला पातळ वॅक्स लाव – वॅक्सवर बसलेला किडा रंगाला धरत नाही, नुसत्या पाण्याने सुटतो.

२३. डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि दोन मायक्रोफायबरची फडकी कायमची ठेव, एक रंगासाठी, एक काचेसाठी – वॅक्स काचेवर गेलं की पावसात वायपर फराटे ओढतो.

घरी पोचल्यावर

२४. किडे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी काढ – त्यांच्या अंगातला रस कुजताना आम्लधर्मी होतो आणि उन्हात तापला की वरच्या लॅकरमध्ये रुततो. आज पाणी, उद्या पॉलिश, परवा पेंटर.

२५. आल्या आल्या पाणी मारू नकोस. सावलीत लाव, बोनेटवर तळहात निवांत टेकवता आला की मग सुरू कर – तापल्या पत्र्यावर पाणी आणि शाम्पू जागच्या जागी वाळतात आणि त्यांचेच डाग पडतात.

२६. जुना सुती टॉवेल पाण्यात बुडव, पिळू नकोस, आणि निथळता तसाच बोनेटच्या पुढच्या कडेवर आणि बंपरवर पसरून दहा मिनिटं राहू दे – वाळलेला किडा भिजून फुगला की स्वतःहून सुटतो. टॉवेल अलगद उचललास की पंख आणि पाय त्याला लागून येतात, खाली पिवळसर बुळबुळीत ठिपका तेवढा उरतो, तो ओल्या फडक्याच्या एका फेरीत जातो.

२७. दहा मिनिटांत टॉवेल सुकायला लागला तर वरून तांब्याभर पाणी सोड – अर्धवट भिजलेला किडा निम्मा येतो आणि निम्मा रंगावर फासला जातो.

२८. पुसताना जोर लावू नकोस, सरळ ओढीने पूस, आणि प्रत्येक ओढीला फडक्याची नवी घडी घे – किड्याचं कवच टणक असतं, फडक्यात अडकलं की तेच पुढे रंग खरवडतं.

२९. सुकं फडकं बोनेटला लावूच नकोस, पाहुणे दारात येऊन उभे असले तरी – वरची धूळ म्हणजे बारीक दगडच. सुका फडका, रंगाला तडका.

३०. आधी नुसतं पाणी भरपूर ओतून माती वाहून जाऊ दे, मग वरून खाली धू, आणि बंपर शेवटी – खालची रेती वर नेली की छत आणि बोनेट दोन्ही ओरखडतात.

३१. दोन बादल्या घे, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची – एकाच बादलीत बुडवत राहिलास तर काढलेली माती तूच परत लावतोस.

३२. शाम्पू गाडीचाच वापर; भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको – त्या तूप-तेल काढायला केलेल्या आहेत, तुझं वॅक्सही तेवढ्याच इमानाने काढतात.

३३. हिरवी घासणी, काथ्या, तारेची घासणी आणि नख, चौघांनाही गाडीपासून लांब ठेव – किड्याचा डाग पॉलिशने जातो, घासणीचा ओरखडा तिथेच राहतो.

३४. कोणी डिझेलचा पोचा मारून देतो म्हटला तर हसून नको म्हण. रॉकेलही नको – दोन तास चमकतं, मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते आणि रबराच्या पट्ट्या फुगून खराब होतात.

३५. बोअरच्या पाण्याने धुतलीस तर लगेच कोरडी कर – त्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात, आणि किडे काढले त्याच जागी नवीन काम तयार होतं.

३६. प्रेशरचं पाणी हातभर लांबून मार, आणि टवका असेल तिथे मारूच नकोस – टवक्याच्या कडेखाली पाणी घुसलं की आजूबाजूचा धड रंगही सोलून निघतो.

३७. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांवर चिडू नकोस. त्यांना दोन चांगली फडकी घेऊन दे आणि ‘आधी पाणी मारा’ एवढंच सांग – वीस गाड्या एकाच फडक्याने पुसल्यावर फडक्यात काय उरणार, त्यात त्यांचा दोष नाही.

३८. जुना वाळका डाग दोनदा भिजवूनही राहिला तर गाडीसाठी मिळणाऱ्या क्लेचा गोळा भरपूर शाम्पूच्या पाण्यावरून हलका फिरव आणि नंतर वॅक्स लाव – क्ले चिकटलेली घाण उचलतो, पण तिच्याबरोबर वॅक्सही जातं.

टवका पडलाच तर

३९. पंधरा दिवसांतून एकदा सकाळच्या उन्हात बोनेटकडे खाली वाकून तिरकं बघ – सरळ उभं राहून टवके दिसत नाहीत, तिरक्या उजेडात प्रत्येक ठिपका उठून दिसतो.

४०. कारखान्यातला सगळा रंग, प्रायमरपासून लॅकरपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो – म्हणजे वहीच्या एका-दीड पानाएवढ्या जाडीवर तुझा सगळा रुबाब उभा आहे, हे ध्यानात ठेव.

४१. बंपरच्या टवक्याची घाई नाही, बोनेटच्या टवक्याची आहे – बंपर प्लॅस्टिकचा, तो नुसता वाईट दिसतो. बोनेट बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्याचं, ते गंजतं.

४२. मे महिन्यातच सगळे टवके बुजवून घे, आणि गाडी कोकणात किनाऱ्याजवळ राहणार असेल तर आणखी लवकर – पाऊस आणि खारा वारा एकत्र आले की गंज रंगाखालून पसरतो. टिकलीएवढा टवका, ताटाएवढा गंज.

४३. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो, दाराच्या चौकटीत नाहीतर बोनेटखाली. त्याचा आत्ताच फोटो काढून ठेव – नुसतं ‘पांढरा’ सांगितलंस तर दुकानदार पांढऱ्याचे पाच प्रकार काढून दाखवेल.

४४. टच-अपचा रंग बाटलीच्या ब्रशने लावू नकोस, टूथपिकच्या टोकावर थेंबभर घे आणि टवक्याच्या मधोमध टेकव – थेंब आपणहून खड्ड्याच्या कडेपर्यंत पसरतो आणि तिथेच थांबतो. ब्रशने लावलास तर धड रंगावर चढून मसाएवढा उंचवटा होतो.

४५. त्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ दे, पत्रा दिसत असेल तर प्रायमरचा ठिपका दे आणि मग पातळ पातळ दोन-तीन हात, मध्ये वाळू देऊन – वॅक्सवर रंग धरत नाही आणि जाड थर आतून ओलाच राहतो.

४६. गंजाचा लाल ठिपका दिसायला लागला असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने तो खरवडून काढ – गंजावर रंग लावणं म्हणजे चोराला आत ठेवून कुलूप घालणं.

४७. प्रवासात टवका पडला आणि सामान नसेल तर बायकोचं पारदर्शक नेलपॉलिश मागून एक ठिपका टेकव – रंग जुळला नाही तरी घरी येईपर्यंत पत्र्याला पाणी लागत नाही. बाटली न विचारता घेऊ नकोस, त्याचा गंज वेगळाच चढतो.

४८. चार टवक्यांसाठी अख्खं बोनेट रंगवायला देऊ नकोस – कारखान्यातला रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असतो. बाहेर तोच टणकपणा यायला चांगलं काम लागतं आणि शेजारच्या पत्र्याशी छटा जुळेलच असं नाही.

४९. छोट्या कामासाठी विम्याचा दावा करण्याआधी कागदावर हिशेब मांड – नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो, आणि बोनेटच्या एका दाव्यात तो खाली बसतो.

काच आणि दिवे

५०. रात्री काचेवर किडा फुटला की कोरडा वायपर फिरवू नकोस. भरपूर पाणी मार, नाहीतर थांबून हाताने पूस – त्याच्यातली चरबी पंख्याच्या आकारात पसरते आणि समोरून येणाऱ्याच्या दिव्यात तुला काही दिसत नाही.

५१. वायपरच्या टाकीत साधं स्वच्छ पाणी आणि काचेसाठी मिळणारं द्रावण घाल, कपड्यांची पावडर नको – पावडरीने नोझल बुजतं आणि नेमकं वाळवीच्या संध्याकाळी ते कळतं.

५२. काचेला दगड लागून ठिपका पडला तर लगेच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लाव आणि चार दिवसांत रेझिन भरून घे – आत धूळ-पाणी गेलं की दुरुस्ती स्वच्छ होत नाही, आणि ठिपक्याची चीर झाली की मग काचच बदलायची.

५३. तोवर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नकोस, एसीचा झोत काचेवर सोडू नकोस, दारही आपटू नकोस – चीर पळायला एवढं निमित्त पुरतं.

५४. आरशामागे कॅमेरा असलेली गाडी आहे तुझी. तिची काच कोपऱ्यावरच्या गॅरेजात बदलू नकोस – नव्या काचेनंतर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर ब्रेकची सूचना भलत्याच वेळी येते.

५५. हेडलाइट टूथपेस्टने घासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकून घे आणि सोडून दे – ती काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे. घासल्याने उन्हापासून जपणारा वरचा थर जातो आणि वर्षभरात दिवा पिवळा पडतो.

जाळीच्या मागचं

५६. पावसाळा संपला की टॉर्च घेऊन ग्रिलच्या आत बघ – एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो, तो किड्यांनी आणि मातीने भरला की एसी गार करत नाही आणि घाटात इंजिन तापतं.

५७. तो साफ करायचा तर इंजिन गार असताना, साध्या नळीच्या हलक्या पाण्याने, जमेल तितकं आतून बाहेर – प्रेशरने मारलंस तर पातळ पाती आडवी होतात आणि हवा कायमची अडते.

५८. दगडापासून वाचवायला ग्रिलमागे मोठ्या भोकांची धातूची जाळी बसवून घे, मच्छरदाणीची नको – बारीक जाळी किडे अडवते तशी हवाही अडवते. जाळी लाव, पण श्वास ठेव.

दुकानदार काय विकतो

५९. दगडाला अडवते ती फक्त पीपीएफ, म्हणजे टीपीयूची पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉनची; अख्ख्या गाडीला परवडत नसेल तर बोनेट, बंपर आणि आरशांनाच लाव – मार त्यांनाच बसतो. पीव्हीसीची स्वस्त फिल्म घेऊ नकोस, ती पिवळी पडते आणि काढताना गोंद मागे ठेवते.

६०. सिरॅमिक किंवा टेफ्लॉन म्हणून देतात ते कोटिंग किड्यांसाठी ठीक, दगडांसाठी नाही – त्याचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. धुणं सोपं होतं, टवका थांबत नाही.

६१. फिल्म लावायला देताना ती मशीनवर आधी कापून आणणार का, हे विचार – गाडीवरच ब्लेडने कापली तर रंगावर बारीक रेघ राहते, आणि ती फिल्मखाली लपलेली असल्याने तुला फार उशिरा कळते.

६२. पुढे लोखंडी बुलबार बसवू नकोस – केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलंय. रस्त्यावरच्या माणसाला त्याने जास्त लागतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेबही बिघडतो.

६३. लांबच्या प्रवासात बंपरच्या पुढच्या कडेला मास्किंग टेप लावायची तर लाव, पण पोचल्या दिवशी काढ – उन्हात राहिली तर तिचा गोंद काढण्यात सुट्टी जाईल.

सणवार

६४. दसऱ्याचा झेंडूचा हार दोऱ्याने बांध, तारेने नको, आणि दुसऱ्या दिवशी उतरव – हलणारी तार ग्रिलवर आणि रंगावर ओरखडे काढते, सुकलेल्या फुलांचा ओला चोथा डाग सोडतो.

६५. बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं की संध्याकाळी पाण्याने पुसून टाक – पांढऱ्या रंगावर हळद फार वेळ राहिली तर पिवळा डाग सहज जात नाही. देव रागावत नाही, पेंटर मात्र बिल लावतो.

६६. नारळ गाडीपुढे फोडताना गाडीपासून चार पावलं लांब फोड – करवंटीचे तुकडे कुठे उडतील ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि पहिला टवका पूजेतच पडलेल्या गाड्या आपल्या गल्लीतही आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं

६७. समोरून दगड येताना दिसला तरी स्टिअरिंग ओढू नकोस, करकचून ब्रेकही मारू नकोस. सरळ राहा आणि लागू दे – काच बदलता येते, बोनेट रंगवता येतं, शेजारच्या लेनमधला मोटरसायकलवाला परत आणता येत नाही.

६८. एवढं सगळं करूनही टवके पडतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आणि गाडी जपायची म्हणून गावाकडच्या फेऱ्याही कमी करू नकोस – गाडी रस्त्यासाठी घेतलीयस. मेमध्ये सगळ्यांना घेऊन ये, सकाळच्या उन्हात बोनेट दोघं मिळून बघू. टूथपिक माझ्याकडे आहेत, रंगाची बाटली तेवढी आठवणीने आण.